कण्हेरीच्या चिठ्ठीतली बारा माकडं

१

कुणाचा जीव गेला नव्हता की काही चोरीला गेलं नव्हतं. तरी त्या गुरुवारी चामराजपेटेतल्या सुबोध मंडळीच्या हॉलमध्ये सगळे जण प्रेताभोवती उभे राहावेत तसे कॉम्प्युटरभोवती उभे होते.

मी नारळ घेऊन मागे होते. जयनगरला आमची ‘अक्षता सिस्टिम्स’ नावाची कंपनी, खाली इडलीवाल्याचं दुकान आणि वर आम्ही. फोन घेणं, सीडी पाकिटात घालणं आणि गिऱ्हाईकाकडे नवं मशीन सुरू व्हायच्या आधी त्याला हळदकुंकू वाहणं हे माझं काम. चातुर्मासात सूर्योदयापासून बारा वाजेपर्यंत मी मौन धरते, तेवढा वेळ फोन ऑफिसातला उपेंद्र घेतो आणि दिवसभर कुरकुरतो. १९९९ सालचा श्रावण होता, अकरा वाजले होते, त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझा एक शब्दही नव्हता.

सुबोध मंडळीच्या तीन शाळा आहेत. अध्यक्ष हंबीरराव, पिढ्यान् पिढ्या बंगळूरचे. त्यांना पडद्यावर सगळं मराठीतच हवं होतं, आणि आम्ही तसं करून दिलं होतं. त्यांना सवय एकच, दिसेल ते मोठ्यानं वाचायचं. आमच्या शमिकानं मंडळीसाठी दोन नवे प्रोग्रॅम बनवले होते. ‘जास्वंद’ वसतिगृहातल्या मुलींची हजेरी ठेवणारा आणि ‘कण्हेर’ कमिटीच्या सभासदांची नोंद आणि सभांचे वृत्तांत ठेवणारा. हंबीररावांनी जास्वंदीचं वर्णन वाचलं, मान डोलावली. मग कण्हेर.

“बारा माकडं, खुर्ची एकच,” ते वाचू लागले. “जो बसतो तो उठत नाही, जो उभा तो ओरडत राहतो. कुणी काम करताना दिसल्यास त्याला स्वल्प खाली ओढावे. केळी संपली की खेळ संपला.”

कमिटीचे सभासद बारा. हंबीरराव अकरा वर्षं अध्यक्ष. आणि टेबलावर, पाहुण्यांसाठी म्हणून, केळ्यांची फणी.

मागून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. हंबीररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माकडं हलली नाहीत.

“गुरुप्रसाद,” ते आमच्या साहेबांना शांतपणे म्हणाले, “शनिवारी बारा वाजता कमिटी बसते. ज्यानं हे लिहिलं त्याचं नाव मला तेव्हा पाहिजे. नाहीतर ही पेटी उचला, आणि बाकीच्या दोन शाळांचंही विसरा.”

गुरुप्रसाद साहेबांनी शमिकाकडे पाहिलं. सहा महिन्यांच्या उमेदवारीवर घेतलेली मुलगी, मुदत नेमकी शनिवारी संपत होती.

“पॅकेज तुझं,” ते म्हणाले. “शनिवारी एकतर मी त्यांना दुसऱ्या कुणाचं नाव सांगेन, नाहीतर तुझं. तुझं असेल तर कायम करण्याचं पत्र मिळणार नाही.”

२

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं समजेल. प्रोग्रॅम गिऱ्हाईकाला देताना त्याचं पॅकेज करतात. देवळातून प्रसादाचा पुडा येतो ना, तसं. आत वस्तू, आणि वर चिठ्ठी: नाव काय, बनवलं कुणी, आत काय आहे. ती चिठ्ठी पॅकेज बांधणाराच लिहितो. गिऱ्हाईकाच्या मशीनमध्ये एक कोठीवाला असतो, त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. तो पुडे रचून ठेवतो, आणि विचारलं की वर्णन दाखवतो.

“मी लिहिलेलं वर्णन हे,” शमिकानं ऑफिसात आल्यावर स्वतःच्या मशीनवर दाखवलं. ‘संस्थेच्या सभासदांची नोंद व सभांचे वृत्तांत ठेवणारा प्रोग्रॅम.’ एकही माकड नाही. “काकू, मी माकड हा शब्द आयुष्यात टाईप केलेला नाही.”

तिनं मशीन बंद केलं. “बाबांनी सहा महिन्यांचीच परवानगी दिली होती. नोकरी पक्की झाली तर राहा, नाहीतर परत पुण्याला ये म्हणाले. आमच्याकडे परत येणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे.”

मला माहीत होतं. एकदा परत गेलेल्या मुलीला दुसऱ्यांदा कुणी एवढ्या लांब पाठवत नाही.

साहेबांनी त्याच दुपारी नवी सीडी स्वतःच्या हातानं केली. कुणाला खोलीत येऊ दिलं नाही. सीडी शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवली आणि ऑटोनं चामराजपेटेला गेले. जुनं कण्हेर काढलं, नवं घातलं.

संध्याकाळी परतले तेव्हा त्यांचा चेहरा पाहूनच शमिका उठून उभी राहिली.

“माकडं तिथंच आहेत,” ते म्हणाले.

३

शुक्रवारी सकाळी, मौनातही विचारपूस करता यावी म्हणून, मी कागदाचे तुकडे कापले आणि पेन दोऱ्यानं गळ्यात अडकवलं. कुणी मला सांगितलं नव्हतं. पण पोरीचा रडवेला चेहरा घेऊन मला पूजेला बसता येईना, देवापुढे मन दोन वाटांनी जाई.

मौनात माणसं तपासणं सोपं असतं, हे मला तेव्हा कळलं. आपण गप्प बसलो की समोरच्याला ती शांतता सोसत नाही आणि तो ती भरून काढतो.

पहिला उपेंद्र. बुधवारी रात्री सीडी तयार झाल्यावर खोलीत एकटाच होता, असं शमिका म्हणाली होती. मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि काही लिहिलंच नाही.

“काय झालं काकू?” तो म्हणाला. “असं बघू नका. सिरियसली, मी नाही केलं.”

मी बघत राहिले.

“ओके, खोलीत होतो मी. पण सीडीला हात लावला नाही.”

मी बघत राहिले.

“प्रिंटर वापरला. बायोडेटा काढला. तीन कॉपी. तुम्ही सरांना सांगणार नाही ना? मला अमेरिकेला जायचंय काकू, इथे मी तुमचे फोन घेतोय.” मग कपाळ पुसून म्हणाला, “कागदही ऑफिसचाच होता.”

मी चिठ्ठी लिहिली: ‘तुझ्या मशीनवर कण्हेर दाखव.’

त्यानं दाखवलं. शमिकाचंच वर्णन. साहेबांच्या मशीनवरही तेच. ऑफिसात पाच मशीनं, पाचही निर्दोष.

‘पडदा मराठी करून बघितलास?’ मी लिहिलं.

“इथे कोण मराठी लावतं? मशीन बैलगाडीसारखं चालतं. आणि मराठी वर्णनांची वेगळी सीडी टाकावी लागते. ती कुठे ठेवलीय तेही आठवत नाही.”

मी साहेबांकडे गेले. ‘मराठी वर्णनं म्हणजे काय?’

“वर्णनमाला? ती जुनी,” साहेब म्हणाले. “सत्त्याण्णव साली आपल्या पॅकेजांची वर्णनं इंग्रजीत होती, त्यांची मराठी करून घेतली. चामराजपेटेच्या मशीनवर ती घातली आहे, म्हणून तर जुनी पॅकेजं मराठीत दिसतात. शमिकाची दोन नवीन. तिनं चिठ्ठी मुळातच मराठीत लिहिली. वर्णनमालेचा त्यांच्याशी काय संबंध?”

मलाही काही संबंध दिसेना. मी मान हलवून निघाले तेव्हा ते मागून म्हणाले, “सुलभाताई, एक सांगायचं राहिलं. हंबीररावांचा काल रात्री फोन आला होता. त्यांनी भाषा ओळखली. ‘स्वल्प खाली ओढावे’, असं ‘जरा’ला कानडी ‘स्वल्प’ लिहिणारी बंगळुरात एकच बाई आहे म्हणाले. त्यांची वहिनी.”

वहिनी म्हणजे गोजराबाई. हॉलपासून तिसरं घर त्यांचं. हॉलची किल्ली त्यांच्याकडे, कारण रोज दारात रांगोळी त्याच घालतात. अठरा वर्षं कमिटीत होत्या, हंबीररावांनी गेल्या वर्षी काढलं.

आणि शमिका भाड्यानं राहत होती ती गोजराबाईंच्याच घरी.

४

शुक्रवारी बारा वाजून गेले, मी पहिला शब्द रामाचा घेतला आणि दुसरा ऑटोवाल्याशी बोलले.

गोजराबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या. त्या अंगणात पापड पालथे करत होत्या. मी माकडांचं वर्णन लिहून नेलं होतं, ते पुढे केलं.

त्यांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं, ओठ हलवत.

“सरी, बरोबर,” त्या म्हणाल्या. “हे मीच लिहिलंय.”

मी तिथेच पायरीवर बसले.

“पण अशी पांढरी पडू नको. काल नाही लिहिलं. दोन वर्षं झाली. जयनगरच्या कुठल्याशा ऑफिसातून एक जण लिफाफा घेऊन आला होता. एकशे ऐंशी इंग्रजी चिठ्ठ्या. अक्का, मराठी करून द्या म्हणाला. मी करून दिली. ही कसल्या तरी खेळाची होती. मूळ इंग्रजी फार रुक्ष होतं, मी स्वल्प मीठ घातलं.”

“कमिटीवर नव्हतं लिहिलं?”

“तेव्हा मी स्वतः कमिटीत होते ग. त्या बारांतलं एक माकड मीच झाले असते.”

“ऑफिसाचं नाव?”

“ते कोण विचारतं? काम दिलं, केलं. कॉम्प्युटर तर मी अजून जवळून बघितलेला नाही. हॉलमध्ये रांगोळी घालते ती उंबऱ्यापर्यंत. आत भावोजी बसतात.” पापड पालथा करून त्या म्हणाल्या, “भावोजींना सांग, त्यांच्यावर लिहायचं असतं तर मी माकडात अडवून ठेवलं नसतं.”

मी ऑफिसात येऊन साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, मी शमिकाला सोडवून आणलं. साहेब खुर्चीत मागे टेकले.

“म्हणजे सरळच झालं,” ते म्हणाले. “जुना कागद बाईंकडे होता. पोरगी त्यांच्याच घरात राहते. कागद पोरीच्या हातात, पोरीच्या हातात चामराजपेटेचं मशीन. सुलभाताई, तुम्ही तिला सोडवायला गेलात आणि पुरावा घेऊन आलात.”

काचेपलीकडे शमिका टेबलाचा खण आवरत होती.

५

श्रावणातल्या शनिवारी मी मारुतीला जाते. त्या शनिवारी मुद्दाम चामराजपेटेच्या मारुतीला गेले. देवाकडे मागणं काही नव्हतं, फक्त उत्तराच्या जितकं जवळ राहता येईल तितकं बरं वाटत होतं. सात वाजले होते, मौन चालू.

हंबीरराव सोवळं नेसून अभिषेकाला उभे होते. भटजी म्हातारे, नजर अधू. त्यांनी “नाव?” विचारलं, “हंबीरराव,” उत्तर आलं. भटजींनी लाल कापडात बांधलेली वही नाकाजवळ धरली, बोटानं नाव शोधलं आणि संकल्प सोडला: “हत्तीखान्याचे दरोगा, श्री हंबीरराव यांच्या वतीनं…”

हंबीरराव हात जोडून उभे. चामराजपेटेत त्यांचं टाईपरायटर दुरुस्तीचं दुकान आहे.

माझ्या हातातली फुलांची परडी कलंडली. तुळस, जास्वंद, आणि कण्हेर.

जास्वंद बरोबर, कण्हेर चूक. एकाच मुलीनं, एकाच दिवशी, एकाच सीडीत घातलेली दोन पॅकेजं. कुणाला कमिटीचा सूड घ्यायचा तर घेऊ दे. पण मशीनला एक फूल चालतं आणि दुसरं चालत नाही, हे का?

मी प्रदक्षिणा पुरी केली, कारण अर्धी सोडायची नसते, आणि ऑटो पकडली. ऑफिसात देवघराच्या कोपऱ्यात फुलांच्या नावांची यादी चिकटवलेली आहे. साहेबांचा नियम आहे, प्रत्येक पॅकेजला फुलाचं नाव. आणि त्याच्यावर दुसरा नियम: एखादं पॅकेज बंद झालं तर त्याचं नाव पुढच्याला द्यायचं. पूजा झालेलं नाव वाया घालवायचं नाही, आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसं, असं ते म्हणतात. मला नोकरीला वर्षच झालं होतं, त्यामुळे यादीतली जुनी पानं मी कधी उलटली नव्हती.

मी पान उलटलं. जास्वंद यादीत एकदाच होती. कण्हेर दोनदा, पहिल्यांदा सत्त्याण्णव साली, आणि त्यावर काट.

मी शमिकाच्या टेबलाशी गेले. चिठ्ठी लिहिली: ‘कण्हेर पुन्हा बांध. आत काही बदलू नको. चिठ्ठीतलं वर्णनही तेच. फक्त नाव अबोली ठेव.’

“काकू, त्यानं काय होणार?”

काय होणार ते मलाही ठाम माहीत नव्हतं. मी नुसती मान हलवली. तिनं बांधलं. साडेदहाला सीडी माझ्या पिशवीत होती.

६

साडेअकराला हॉलमध्ये बाराही सभासद होते. केळी या वेळी कुणी ठेवली नव्हती. गोजराबाईंना मीच निरोप धाडला होता, त्या उंबऱ्यापाशीच थांबल्या.

“वहिनी कशाला?” हंबीरराव म्हणाले.

“बोलावलं म्हणून,” गोजराबाई म्हणाल्या. “नाहीतर इथे यायची मला काही हौस नाही, भावोजी.”

मी हंबीररावांसमोर पहिली चिठ्ठी ठेवली. त्यांनी सवयीनं मोठ्यानं वाचली.

“‘अण्णा, आज सकाळी देवळात तुमच्या नावापुढे काय म्हणाले?’” ते थांबले. “हत्तीखान्याचे दरोगा. का?”

दुसरी चिठ्ठी. “‘आपल्याकडे हत्ती किती?’ हत्ती कुठले बाई, माझ्याकडे स्कूटर आहे.”

सभासदांत खसखस पिकली. मी तिसरी ठेवली.

“‘मग भटजी तसं का म्हणाले?’ अहो, माझ्या आजोबांचं नाव हंबीरराव. ते होते दरोगा. भटजींच्या वहीत नावापुढे तसं लिहिलंय. ते वहीत नाव शोधतात आणि पुढचं वाचतात. समोर कोण उभा आहे ते बघतच नाहीत. आणि सांगायला जावं तर…” हंबीरराव जरा लाजले. “बरं वाटतं ऐकायला.”

मी काही न लिहिता कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

कुणाला काही कळेना. मग शमिका एकदम पुढे आली. “वर्णनमाला,” ती म्हणाली. “सर, ती भटजींची वही आहे. पडदा मराठी असला की पॅकेज मॅनेजर माझी चिठ्ठी वाचतच नाही. आधी वर्णनमालेत पॅकेजचं नाव शोधतो, सापडलं तर तिथलं दाखवतो. जास्वंद तिथे नव्हती, म्हणून माझी चिठ्ठी दिसली. कण्हेर होती.”

“कण्हेर कशी असेल?” गुरुप्रसाद साहेब म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज खाली गेला. “सत्त्याण्णवमध्ये एक खेळ होता. बनवणारा गृहस्थ अमेरिकेला गेला, मी तो काढून टाकला.”

“खेळ काढलात,” शमिका म्हणाली. “वर्णनमालेतली ओळ राहिली. आणि नाव मला दिलंत.”

तिनं पडदा इंग्रजी केला. कण्हेरीचं वर्णन मागितलं. हंबीररावांनी वाचलं: “संस्थेच्या सभासदांची नोंद व सभांचे वृत्तांत.” तिनं पडदा मराठी केला, माकडं हजर. पुन्हा इंग्रजी, गायब. दोन सभासदांनी तिला तिसऱ्यांदा करायला लावलं.

मग मी पिशवीतली सीडी दिली. आतापर्यंत सगळं पटण्यासारखं होतं, पण हे खोटं ठरलं असतं तर पडदा बदलला की माकडं लपतील अशी सोय तूच केलीस, म्हणत पुन्हा पोरीलाच धरलं असतं. मराठी पडद्यावर अबोली उघडली.

“संस्थेच्या सभासदांची नोंद,” हंबीरराव वाचू लागले आणि एकाही माकडाशिवाय शेवटपर्यंत पोचले. आत तोच प्रोग्रॅम, वर तीच चिठ्ठी, फक्त नाव दुसरं.

“मला एक नाव पाहिजे होतं,” ते म्हणाले.

“माझं लिहा,” गुरुप्रसाद साहेब म्हणाले. “नियम माझा. आणि मराठी पडद्यावर एकदाही बघितलं नाही, तेही मीच. ज्यांनी खरी चूक केली त्यांच्यात ही मुलगी नाही.”

“आणि शब्द माझे,” गोजराबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या. “चांगले जमलेत, नाही?”

हंबीररावांनी तिकडे पाहिलं. मग एक खुर्ची ओढली, फडक्यानं पुसली. “आत या, वहिनी. वृत्तांत लिहायला कुणाला तरी शिकावंच लागणार आहे. तुमचं मराठी बरं आहे. मीठ तेवढं बेतानं.”

साहेबांनी पत्र बरोबरच आणलं होतं, नाव न घातलेलं, दोन्ही शक्यता धरून. त्यांनी तिथेच टेबलावर शमिकाचं नाव घातलं आणि तिच्याकडे सरकवलं. तिनं ते सही करायच्या आधी पूर्ण वाचलं. कामाच्या वर्णनात लिहिलं होतं: ‘पॅकेज बांधणे व ऑफिसात तपासणे.’

“सर, पेन देता?” ती म्हणाली.

तिनं ‘ऑफिसात’ खोडलं, वर बारीक अक्षरात ‘गिऱ्हाईकाच्या मशीनवर, त्याच्या भाषेत’ असं लिहिलं, आणि कागद साहेबांकडे परत ढकलला. खाडाखोडीशेजारी आधी त्यांची सही घेतली, मग स्वतःची केली. कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथमधून पुण्याला फोन लावला तेव्हा तिनं वडिलांना तो कागद ओळ न ओळ वाचून दाखवला. अशी अट साहेबांनी घातली का, असं तिकडून विचारलं असावं. मग ती हसली आणि म्हणाली, “नाही बाबा, वर्णन मीच लिहिलंय.”